मर्टल पहिल्या फटक्यात पास

आमच्या मर्टलसारखी गाडी अख्ख्या यॉर्कशरमध्ये सापडणार नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. वय वर्षं सतरा, रंग मोहरीचा, एका पाद्र्याकडून जुनी म्हणून घेतलेली, आणि एमओटी दर साली पहिल्या फटक्यात पास. एमओटी म्हणजे गाडीची वार्षिक परीक्षा. लोकांच्या पोरी डॉक्टर होतात, वकील होतात. माझी मर्टल पास होते. दर जूनमध्ये ही बातमी मी पबात नेतो आणि एकेकाला धरून सांगतो. हल्ली मला दारात बघितलं की लोक डार्ट्स खेळायला उठतात, तो भाग वेगळा.

मर्टलला जगात एकच शत्रू. माझी बायको रोझलिंड. तिची गाडी मर्टलच्याच कंपनीची, पण पांढरीशुभ्र, आणि कुंपणाजवळ गेली तरी सेन्सरने किंचाळणारी. मर्टल अंगणात तेल गाळते, म्हणून रोझला ती डोळ्यांसमोर नको असते. एका रविवारी रोस्टवर ग्रेव्ही ओतता ओतता तिने निकाल दिला.

"डेझ, यंदा ती नापास झाली की थेट भंगारात."

"आणि पास झाली तर?"

"तर राहील. माझा नियम साधा आहे. एमओटीत नापास झालेली गाडी या घरात राहणार नाही."

"कुठलीही?"

"कुठलीही. बटाटे घे."

मी हसत हसत बटाटे घेतले. पास होणार याची खात्रीच होती ना मला! जेवण झाल्यावर सहज म्हणून मर्टलखाली वाकून पाहिलं, आणि वाकलेलाच राहिलो. पुढचा डावा टायर आतल्या बाजूने माझ्या टकलासारखा गुळगुळीत. वायपरचं रबर लोंबतंय. ब्रेकचा एक दिवा गेलेला. परीक्षा तीन दिवसांवर, आणि पोरगी तिन्ही विषयांत कच्ची.

आता सरळमार्गी माणसाने नवे भाग आणले असते. पण आमच्या गावात मोटारीच्या सामानाचं दुकान एकच, आणि ते रोझच्या मावसबहिणीचं. मी तिथे टायर मागितला असता, तर मी घरी पोचायच्या आत रोझला कळलं असतं. मग माझी नजर शेजारी उभ्या असलेल्या पांढऱ्या गाडीवर गेली. दोघी एकाच कंपनीच्या. चाकं तीच, दिवे तेच, वायपर तेच. मनात म्हटलं, थोरल्या बहिणीने परीक्षेपुरते धाकटीचे कपडे घातले तर कुणाचं काय बिघडतं?

मंगळवारी संध्याकाळी रोझ चालत चर्चला गेली, गाण्याच्या तालमीला. मी लगेच जॅक काढला. आधी वायपर, मग दिवा, मग चाक. मर्टलचं इकडे, धाकटीचं तिकडे. बुधवारी रोझला ग्रंथालयातल्या नोकरीची सुट्टी असते आणि ती दिवसभर बागेत गुलाबांशी भांडते, गाडीला हात लावत नाही. सकाळी मर्टल पास करून आणायची, दुपारी सगळं परत जागच्या जागी. रोझ तालमीहून आली तेव्हा मी हात धुऊन टीव्हीसमोर बसलो होतो.

"हाताला कसला वास येतोय?"

"साबणाचा."

"कधी नव्हे तो," ती म्हणाली आणि झोपायला गेली.

बुधवारी सकाळी मी टेकडीखालच्या सेल्विन अ‍ॅक्रॉइडच्या गॅरेजात हजर. सेल्विन म्हणजे मितभाषी माणूस. लहानथोर सगळ्यांना "लेका" म्हणतो आणि त्यापुढे फारसं काही बोलत नाही. परीक्षा चालू असताना मालकाने काचेमागच्या खोलीत बसायचं असतं. पाहायला परवानगी, मध्ये बोलायला नाही. मी चहा घेतला, दोन बिस्किटं बुडवली आणि मर्टल वर उचलली जाताना ऊर भरून पाहू लागलो. सेल्विनने टायर चाचपला, वायपर फिरवले, दिवे पाहिले आणि काचेतून अंगठा वर केला. पास! पहिल्या फटक्यात!

तिसरं बिस्किट तोंडाकडे नेतोय, तोच फाटकातून पांढरी गाडी आत आली.

माझा हात तिथेच थांबला. बिस्किट चहात पडलं. गाडीतून रोझ उतरली, तिने सेल्विनला किल्ली दिली आणि शांतपणे माझ्या शेजारी येऊन बसली.

"तू इथे कशी?" मी विचारलं.

"माझ्या गाडीला या महिन्यात तीन वर्षं झाली. पहिली एमओटी नको का? म्हटलं, दोघींची एकाच दिवशी होऊन जाईल. तुझा चेहरा असा का झालाय?"

तीन वर्षं! नवी गाडी तीन वर्षं परीक्षेला बसत नाही आणि चौथ्या वर्षी बसते, हे या देशात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आणि पबात एमओटीवर भाषणं देणारा मीच ते विसरलो होतो. आणि ही बाई तो टकला टायर घेऊन अख्खी टेकडी उतरून आली होती! मला ओरडून सेल्विनला थांबवायचं होतं, पण पाटी समोरच होती: तपासणाऱ्याला अडवू नये.

सेल्विन डाव्या चाकाशी थांबला. वाकला. उठला. पुन्हा वाकला. मग टोपी काढून आमच्या खोलीत आला. सेल्विनला टोपी काढताना मी त्याआधी फक्त दफनविधीला पाहिलं होतं.

"नापास, लेका," तो रोझला म्हणाला. "टायर धोकादायक. वायपर फाटके. ब्रेकचा दिवा बंद. तीन वर्षांच्या गाडीची अशी दैना मी जन्मात पाहिली नाही."

रोझ पांढरीफटक पडली. "अहो, मी हिला रविवारचं चर्च आणि ग्रंथालय यांशिवाय कुठे नेतच नाही!"

"आणि मर्टलचं काय म्हणता?" तिने विचारलं.

"पास. टायर तर नव्यासारखा."

आता मी जिंकलो होतो, असं तुम्ही म्हणाल. पण रोझ शब्दाची पक्की. ती म्हणाली, "नियम म्हणजे नियम. माझी गाडी विकायची. त्या पैशांत बागेत टोमॅटोसाठी काचेचं घर बांधू."

"अगं, असं काय करतेस? टायर, वायपर, दिवा! बदलले की झालं. दुपारी पास होईल ती."

"दुपारी? इतकी वर्षं तूच सांगतोस ना, की पहिल्या फटक्यात पास होते तीच गाडी भरवशाची? मर्टलची किल्ली दे. आजपासून ती मी चालवणार."

मी खरं सांगायला तोंड उघडलं. आणि हिशेब कळला. खरं सांगितलं, तर नापास मर्टल ठरणार आणि भंगारात जाणार. नाही सांगितलं, तर मर्टल रोझची होणार. तरीही मी सांगणार होतो, देवाशपथ. त्या टायरवर ती टेकडी उतरली, हे डोक्यातून जात नव्हतं. पण रोझने माझा हात हातात घेतला. तिचे डोळे भरून आले होते.

"डेझ, मला माफ कर," ती म्हणाली. "तू बरोबर होतास आणि मी चुकले."

एकतीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होतो. सेल्विनही ऐकत होता. साक्षीदारासमोर मिळालेलं असलं वाक्य कुठला नवरा परत करतो? मी किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली.

तेव्हापासून मी बसने जातो. खरं सांगण्याचा योग्य दिवस शोधतोय, पण ती अजून कधीमधी ते वाक्य पुन्हा म्हणते, आणि बस तशी वेळेवर असते.