जगदेवरावांची एकच लाथ

जगदेवरावांच्या उजव्या गुडघ्यात आता एकच लाथ शिल्लक होती. डॉक्टरांनी तसं बजावलं होतं, आणि गुडघा स्वतः तर रोज जिना उतरताना बजावायचा. एके काळी हा माणूस मारामारीच्या सिनेमांत कराटेचा हिरो होता. पोस्टरवर त्याचा पाय डोक्याच्याही वर असायचा. हल्ली तो बडोद्यात, कारेलीबागेतल्या सोसायटीत, गरम पाण्याच्या बादलीत असायचा.

अशात उन्मेष आला. सोसायटीतलाच, केबलचा धंदा करणारा. घरोघरी वायरी ओढून झाल्यावर त्याला स्वतःच्या चॅनेलवर स्वतःचा सिनेमा दाखवायची हौस आली होती. गोष्ट भयंकर सुडाची. म्हातारा कराटेवाला मुलाच्या खुन्याचं मागचं दार लाथेनं फोडतो आणि आत घुसतो. फक्त लाथ तन्मय मारेल, असं उन्मेषनं हळूच सांगितलं. नुसता पाय दिसणार, कोणाला कळतंय?

तन्मय म्हणजे जगदेवरावांचाच शिष्य. झालं, म्हातारा पेटला. दुसऱ्याच्या पायानं सूड घ्यायचा तर त्यापेक्षा घरी बसून मटार सोलतो, म्हणाले. बराच वेळ हुज्जत झाली आणि शेवटी त्यांना एक संधी मिळाली. ती हुकली तर मात्र तन्मयचा पाय.

जगदेवरावांची बायको पद्माबाई खलबत्त्यात सुपारी कुटत हे सगळं ऐकत होत्या.

"एवढी खुमखुमी आहे ना, मग मंगुबेनकडून माझा अडकित्ता आणून दाखवा," त्या म्हणाल्या.

अडकित्ता माहेरचा, पितळी. सोसायटीतल्याच मंगुबेननी तो लेकीच्या लग्नात नेला होता. लेकीचा मुलगा आता शाळेत जात होता, पण अडकित्ता काही परत येत नव्हता. रोज तोंड बघायचं, मागायचं कसं? पद्माबाई मनातल्या मनात धुमसत आणि सुपारी कुटत.

शूटिंग उन्मेषच्याच घरी होतं. टेनामेंटची, म्हणजे एकाला एक लागून घरांची सरळ रांग, मागची सगळी दारं एकाच हिरव्या रंगाची. सुतारानं उन्मेषच्या दाराला नावापुरती कडी लावून ठेवली होती, आणि ओळखायला म्हणून तिच्यावर लाल फडकं बांधलं होतं. जगदेवरावांना चष्मा मात्र काढायला लावला. चष्मा लावून सूड घेणारा माणूस उन्मेषला चालेना.

आत कॅमेरा दारावर रोखलेला. दिवे लागले. खुनी खुर्चीत बसला. बाहेरच्या बोळात जगदेवराव एकटे. गुडघ्यात कळ. आज पाय उचलला नाही तर पुन्हा कधीच उचलणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि भीती वाटत होती. खरंच वाटत होती. आतून हाक आली. समोर सगळं धूसर हिरवं, आणि त्यात नजरेत भरला तो एक लाल ठिपका. जगदेवराव धावले.

लाथ अशी बसली की काय सांगावं! कडी, कोयंडा, बिजागरी, सगळं उखडून दार आत पडलं.

"सूड!" ते गरजले. "सूड घ्यायला आलोय मी!"

खुनी काही बोलेना. कारण खुनी शेजारच्या घरात बसला होता. इथे मंगुबेन मेथी निवडत होत्या, आणि आपलं लादी पुसायचं लाल फडकं त्यांनी नुकतंच कडीवर वाळत टाकलं होतं. जगदेवरावांचा अवतार बघून त्यांच्या हातातली मेथीची जुडी गळून पडली. गुजरातीत अडकित्त्याला सूडी म्हणतात. मंगुबेनच्या कानात नेमकं तेच शिरलं. त्या उठल्या, कपाटातून पितळी अडकित्ता काढला आणि दोन्ही हातांनी पुढे धरला.

"एक सूडी माटे बारणुं तोडी नाख्युं, जगदेवभाई?" पडलेल्या दाराकडे बघत त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या. "मागी होत तो आपी न देत?" मागितला असता तर दिला नसता का, असं त्यांचं म्हणणं.

जगदेवरावांनी अडकित्ता घेतला आणि तिथेच बसले. गुडघा संपला होता. शेजारून कॅमेरेवाले धावत आले तेव्हा ते मंगुबेनची माफी मागत होते आणि मंगुबेन त्यांची.

सिनेमातली लाथ शेवटी तन्मयनं मारली. नावापुरती कडी आणि पातळ प्लायचं दार, त्यात काय मोठंसं!

सिनेमा लागला त्या रविवारी सगळी सोसायटी उन्मेषकडे जमली. लाथेचा प्रसंग जवळ आला तसा जगदेवरावांनी चष्मा काढून खिशात टाकला. शिष्याचा पाय बघायचा नव्हता त्यांना. दार फुटलं, टाळ्या पडल्या. लोक वळून त्यांच्याकडे बघायला लागले, शाबासकी देऊ लागले. त्यांना मान वर करवेना. शेजारी पद्माबाई परत मिळालेल्या अडकित्त्यानं सुपारी कातरत होत्या.

एवढ्यात मागून मंगुबेनचा आवाज आला, चांगला खणखणीत.

"आ पग जगदेवभाईनो नथी. एमनो पग में जोयो छे. मारा बारणाने पूछो."

कातरणारा हात थांबला. जगदेवरावांनी खिशातून चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, डोळ्यांवर चढवला आणि पद्माबाईंपुढे सुपारीसाठी हात केला.