चौबळकाकांचा फळा

आमच्या सोसायटीत मरायला कोणी फारसं घाबरत नसे. भीती असायची ती नंतर चौबळकाका गेटवरच्या फळ्यावर काय लिहितील याची.

भाईंदर पूर्वेला, जेसल पार्कात आमच्या तीन विंग. गेटपाशी वॉचमनच्या केबिनला टेकवलेला एक काळा फळा. टाकी कधी धुणार, पाणी किती वाजता येणार, असल्या गोष्टी त्यावर एरवी सेक्रेटरी शहाभाई लिहीत. पण सोसायटीत कोणी गेलं, की खडू चौबळकाकांच्या हातात. हा अधिकार त्यांना कोणी दिला, ते कोणालाच आठवत नाही. बातमी कळली की काका इस्त्रीचा शर्ट घालून खाली येत, ओल्या फडक्याने फळा पुसत, तो वाळेपर्यंत हात मागे बांधून उभे राहत आणि मग लिहीत. नाव, फ्लॅट नंबर आणि खाली एक वाक्य. एकच.

काकांची अख्खी नोकरी एका वर्तमानपत्राच्या जाहिरात खात्यात गेली, तीही निधनाच्या जाहिराती घेण्याच्या काउंटरवर. तिथून त्यांनी इतके 'मनमिळाऊ' आणि 'परोपकारी' लोक मार्गी लावले होते, की हे शब्द ऐकले तरी त्यांना पित्त व्हायचं.

"मनमिळाऊ म्हणजे काय, ठाऊक आहे का पाटणकर?" मला ते एकदा म्हणाले. "मनमिळाऊ म्हणजे आम्हाला काही आठवत नाहीये, पण जाहिरातीत जागा उरलीय."

'दुःखद निधन'ही त्यांना चालत नसे. निधनाचे प्रकार पाडायचे नाहीत, असं त्यांचं मत.

त्यांच्या वाक्याचे नियम कडक होते. वाक्य खरं हवं, चांगलं हवं आणि ते दुसऱ्या कोणालाही लागू पडता कामा नये. एखादा मुलगा डोळे पुसत म्हणायचा, "काका, बाबा फार प्रेमळ होते हो." काका त्याच्या खांद्यावर हात ठेवून शांतपणे म्हणत, "उदाहरण सांगा." मुलगा रडता रडता थांबायचा. आधी रागावल्यासारखा बघायचा, मग विचारात पडायचा, आणि मग त्याला खरोखरच काहीतरी आठवायचं. ते आठवताना त्याचा चेहरा असा काही बदलायचा, की काका मुद्दाम दुसरीकडे बघत.

बी विंगच्या कुलकर्णीआजी गेल्या तेव्हा फळ्यावर आलं, 'यांच्याकडून नेलेलं विरजण कधी बिघडलं नाही.' भांडकुदळ म्हणून प्रसिद्ध असलेल्या सावंतांबद्दल आलं, 'कडाडून भांडत. पण कालचं भांडण आज काढत नसत.' सावंतवहिनी ते वाचून ओक्साबोक्शी रडल्या आणि मग म्हणाल्या, "अगदी हेच्च होते ते."

या फळ्याचा परिणाम जिवंत माणसांवर व्हायला लागला. काका दिसले की लोक लिफ्टचं दार धरून ठेवायचे. शहाभाई तर उघड उघड म्हणायचे, "काका, मेरा अच्छा लिखना हां." मीही त्यातलाच. एकदा हिय्या करून विचारलं, "काका, माझ्याबद्दल काय लिहाल?" त्यांनी चष्मा वर करून मला नीट पाहिलं आणि म्हणाले, "तुमचं अजून काही जमत नाहीये, पाटणकर."

मला झोप लागेना. मग मी गेटवरच्या कुत्र्याला रोज सकाळी दूध घालायला लागलो, काकांची फिरायला जायची वेळ साधून. कुत्रं माजलं आणि एके दिवशी त्याने शहाभाईंची पोटरी धरली. "'यांनी पोसलेलं कुत्रं सेक्रेटरीला चावलं.' खरं आहे, दुसऱ्याला लागू पडत नाही," काका म्हणाले, "पण वाक्य चांगलंही हवं ना."

अशा या काकांपुढे एक दिवस रांगणेकरांचं नाव आलं.

रांगणेकर एका मोठ्या पंख्यांच्या कंपनीचे सर्वेसर्वा होते. कंपनीचे हिशेब खोटे निघाले, शेअर मातीमोल झाले, कारखान्याला टाळं लागलं आणि साहेबांना अटक झाली. तोंडावर रुमाल धरून पोलिसांच्या गाडीत चढतानाचा त्यांचा फोटो सगळ्या पेपरांत आला होता. पुढे जामिनावर सुटून ते बायकोसह आमच्या सी विंगमध्ये भाड्याने राहायला आले. पण भाडेकरार मेहुण्याच्या नावावर होता आणि फोटोत नुसता रुमालच दिसला होता, त्यामुळे त्यांना कोणी ओळखेना. संध्याकाळी खाडीकडे एकटा फिरायला जाणारा एक म्हातारा, एवढीच त्यांची ओळख. खटला संपायच्या आत ते हॉस्पिटलात वारले. त्या दिवशी सकाळी मेहुण्याने परस्पर अंत्यसंस्कार उरकले, बहिणीला घरी सोडलं आणि तो निघून गेला. मुलगा परदेशात.

आम्हाला हे सगळं कळलं ते टीव्हीवाल्यांची गाडी गेटवर आल्यावर. मग मात्र सोसायटीला कंठ फुटला. ज्याचे शेअर बुडाले होते तो ओरडत होता आणि ज्याने आयुष्यात शेअर पाहिला नव्हता तो त्याच्याहून जोरात ओरडत होता. "सुटला साला!" "अरे, आपल्या बिल्डिंगमध्ये राहत होता आणि आपल्याला पत्ताच नाही!" घरोघरी डोक्यावर त्याच कंपनीचे पंखे गरगरत होते, त्याबद्दल कोणी बोलत नव्हतं.

आता माझा पराक्रम. रिपोर्टर मुलीने माझ्यासमोर माईक धरला. "रांगणेकरांचं निधन झालंय. रहिवासी म्हणून तुमची प्रतिक्रिया?" मी मनातल्या मनात एक गंभीर वाक्य तयार केलं होतं. पण टीव्हीवर माईकसमोर लोकांना मी फक्त बक्षीस मिळाल्यावर बोलताना पाहिलेलं. लाल दिवा लागला, ते गंभीर वाक्य पळालं आणि मी म्हणालो, "मला खूप आनंद झालाय. सर्वांचे आभार."

ते दिवसभर दाखवत होते. माझ्या चेहऱ्याखाली पट्टी, 'रहिवाशांमध्ये आनंदाचं वातावरण'. नाशिकहून आत्येबहिणीचा फोन आला, "दादा, अरे कसला आनंद? पदोन्नती झाली की काय?" बायको माझ्याशी बोलेना. फक्त टीव्हीचा आवाज अधूनमधून मोठा करायची.

दुपारी मी खाली आलो तर काका ओलं फडकं घेऊन फळ्यापाशी उभे. फळ्यावर कोणीतरी 'चोर' लिहून ठेवलं होतं. काकांनी ते पुसलं.

"अहो, खरं तर आहे ते," मी म्हणालो.

"खरं आहे. पण कोर्टाचं काम मी करत नाही. आणि हे हजारांना लागू पडतं."

शहाभाई धावत आले. "काका, इसका मत लिखो ना. बोर्ड कोरा रखो. टीव्हीवाला फिरसे आयेगा. मेरा कितना शेअर गया, मालूम है तुमको? मी दुसऱ्यांच्या सारखा रडला नाय, पण मी विसरला पण नाय!"

"शहाभाई, इथून माणूस गेला की फळ्यावर नाव येतं," काका म्हणाले. "मी निवडायला लागलो, तर उद्या कोणीतरी मलाही निवडून वगळेल."

"बरं, लिहा मग," मी म्हणालो, "पंखे चांगले होते."

"पंख्यांचं निधन झालेलं नाही, पाटणकर."

मग काका वाक्य शोधायला निघाले. वॉचमनला विचारलं, इस्त्रीवाल्याला विचारलं, सी विंगच्या मजल्यामजल्यावर बेल वाजवून विचारलं. उदाहरण सांगा. कोणाला काही सांगता येईना. माणूस कोणाशी बोललाच नव्हता, तर सांगणार काय? शेवटी काका म्हणाले, "आता घरीच विचारायचं. चला."

"मी कशाला?"

"आनंद झालेल्यांपैकी कोणीतरी बरोबर असलेलं बरं."

दार रांगणेकरबाईंनी उघडलं. साठीच्या, किडकिडीत. घरात दुसरं कोणी नाही. खोलीत टीव्ही, आवाज बंद करून चालू. त्यावर मी. बाईंनी एकदा टीव्हीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"तुम्हीच ना ते?"

मी मान खाली घातली. "वहिनी, मला तसं म्हणायचं नव्हतं. मी घाबरलो हो. देवाशप्पथ."

"कळलं मला. सर्वांचे आभार म्हणालात ना, तेव्हा मला हसू आलं," त्या म्हणाल्या. "आज दिवसभरात तेवढंच."

काकांनी घसा खाकरला. फळ्याचं सांगितलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "एखादं उदाहरण सांगाल का त्यांचं? काहीही चालेल. लहानसं."

बाईंनी टीव्ही बंद केला.

"कारखाना बंद झाला तेव्हा कामगारांच्या बायका आमच्या दारात येऊन बसल्या होत्या," त्या म्हणाल्या. "कडेवर पोरं घेऊन. मी पाहिलंय त्यांना. आज मी चांगलं काही सांगायला बसले, तर त्या माझ्यासमोर उभ्या राहतील. आणि वाईट... वाईट आजच्या दिवशी मला सांगवणार नाही. तुम्ही नुसतं नाव लिहा. नाही लिहिलंत तरी चालेल."

मला वाटलं, आता काका हट्टाला पेटणार. एवढ्या वर्षांत उदाहरण घेतल्याशिवाय ते कोणाच्या घरून परतले नव्हते. पण ते "जरा पाणी पितो," म्हणून स्वयंपाकघरात गेले आणि तिथेच उभे राहिले. मी डोकावलो. ओटा कोरडा, शेगडी पुसलेली, चहाचं भांडंसुद्धा पालथं.

"सकाळपासून काही खाल्लंत?" त्यांनी बाहेर येऊन विचारलं.

"भूक नाहीये."

"बरं," काका म्हणाले, आणि आम्ही निघालो.

खाली गर्दी होतीच. काका काय लिहितात ते बघायला लोक मुद्दाम थांबले होते. काही जण तर भांडायच्या तयारीने. काकांनी फळा पुन्हा पुसला, वाळू दिला आणि लिहिलं,

'रांगणेकर, सी ३०२. यांच्या घरी आज चूल पेटलेली नाही.'

खाली, ज्यांना मराठी येत नाही त्यांच्यासाठी, तेच हिंदीत. 'इनके घर आज खाना नहीं बना है।'

खडू ठेवून ते बाकावर जाऊन बसले. ज्याच्या घरी माणूस गेलं त्याच्या घरी चूल पेटत नाही, शेजारीपाजारी जेवण पोचवतात, हे काय कोणाला सांगायला लागतं? पण सकाळपासून एकाच्याही डोक्यात ते आलं नव्हतं. शहाभाईंनी ते वाक्य दोनदा वाचलं, मान खाजवली, मोबाइल काढला आणि आवाज खाली करून घरी गुजरातीत म्हणाले, "सांभळ, खिचडी मूक. हां. सी विंग माटे." मग काकांकडे वळून बोट उगारलं, "माफ नहीं किया हां, काका. सिर्फ खिचडी दिया."

"तेवढंच लिहिलंय मी," काका म्हणाले.

संध्याकाळी बायकोने माझ्या हातात पिठलं-भाताचा डबा दिला. दिवसभरातलं तिचं पहिलं वाक्य, "तोंड उघडू नका, नुसता डबा द्या." सी विंगच्या जिन्यात ही रांग. सकाळी 'सुटला साला' म्हणणारे गृहस्थ मुगाची उसळ घेऊन माझ्या पुढच्या पायरीवर. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. बाईंनी सगळ्यांचे डबे घेतले. कोणीतरी पान वाढलं, दोघीचौघी त्यांच्याजवळ बसल्या. बाई जेवल्या. थोडंसं, पण जेवल्या.

परत येताना काका अजून बाकावर होते. बोटांना लागलेला खडू चोळून काढत होते. मी शेजारी बसलो. माझी जीभ मला स्वस्थ बसू देत नाही, हे एव्हाना तुम्हाला कळलं असेल.

"काका, आज नियम मोडलात. वाक्य त्यांच्याबद्दल नव्हतंच."



"हिच्या वेळी वाक्य फार छान जमलं होतं," ते म्हणाले. ही म्हणजे त्यांच्या पत्नी, मालतीकाकू. त्यांना जाऊन काही वर्षं झाली होती. मूलबाळ नाही. "लिहून वर गेलो आणि खिडकीतून बघत बसलो. लोक थांबून वाचत होते. पुढे जाऊन परत मागे येऊन वाचत होते. मला बरं वाटलं." बोटावरचा खडू निघाला होता, तरी ते चोळतच होते. "वर कोणी आलं नाही. प्रत्येकाला वाटलं असणार, दुसऱ्या कोणीतरी डबा दिला असेल. वाईट कोणीच नव्हतं हो. मी आपला चहात पाव बुडवून खात होतो."

वाचणाऱ्यांमध्ये मी होतो. 'चहा गाळताना या गुणगुणायच्या. गाणं कोणतं, ते शेवटपर्यंत कळलं नाही.' मला ते वाक्य इतकं आवडलं होतं, की ऑफिसात मी ते सगळ्यांना म्हणून दाखवलं होतं.

काका उठले आणि ए विंगकडे चालायला लागले. मी मागोमाग निघालो. जिन्याच्या पहिल्या पायरीवर ते थांबले.

"काही काम होतं?"

"नाही," मी म्हणालो. "आमच्याकडे जेवायला चला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बहुतेक नाही म्हणणार होते.

"काय केलंय?"

"पिठलं. उरलंय भरपूर."

"लसूण आहे ना त्यात?" काका म्हणाले आणि पायरीवरून खाली उतरले.