सासुरवाडीच्या दारात ताशी पाच मैल

उमरग्याहून सोलापूरला जाणाऱ्या सडकेवर या चाँदपाशाला मागं टाकणारा ड्रायव्हर अजून जन्माला यायचाय! हे मी म्हणत नाही, लोक म्हणायचे. म्हणजे मी चार ठिकाणी बोलायचो आणि ऐकणारे मान हलवायचे. आमचा मुलूख हैद्राबादेतून निघून मुंबई राज्यात गेला, त्याला तेव्हा वर्ष-दीड वर्ष झालं होतं. राज्य बदललं, साहेब बदलले, कचेरीतली भाषा बदलली. पण माझ्या मोटारीचा वेग बदलायची कुणाची छाती नव्हती!

मोटार मालकाची. पण ऐकायची फक्त माझं. तिला खोड एकच. चालू असली की वारा, थांबली की मेली! बॅटरी बसलेली, आणि जागेवर उभं राहून धडधडत राहणं इंजिनाला ठाऊकच नव्हतं. जरा थांबवली की दोन उचक्या द्यायची आणि गप्प. मग सगळ्यांनी उतरायचं आणि ढकलायचं. म्हणून मी तिला फक्त स्टँडावरच्या उताराला उभी करायचो. मालकाला किती वेळा म्हणालो, ‘‘मालक, नवी बॅटरी घ्या.’’

मालक म्हणायचे, ‘‘मग उतारू कशाला भरलेत? ढकलतील की!’’

याच खोडीपायी माझा संसार भर सडकेवर आला. तो कसा, ते ऐका.

माझी सासुरवाडी नळदुर्गची, घर थेट सडकेला लागून. धाकट्या मेहुणीच्या मंगनीसाठी माझी बायको सायराबी माहेरी गेली होती. जाताना मी ऐटीत शब्द दिला, ‘‘स्टँडापर्यंत ट्रंक घेऊन कशाला चालतेस? परत येताना तुझ्या दारात मोटार थांबवतो. सगळ्या आळीनं बघू दे! ढकलायला उतारू आहेतच.’’

तिला आणायच्या दिवशी सोलापूरहून परतताना नळदुर्गच्या तोंडाशी एक ट्रकवाला मला घासून पुढं गेला. वर हात बाहेर काढून ‘ये, ये’ म्हणून खुणावलं! आता सांगा, माणसानं काय करावं? मी पाय दाबला. ट्रक पुढं, मी मागं. मी बाजूला, ट्रक बाजूला... आणि नेमका सासुरवाडीच्या दारात मी त्याला गाठला. दारात सायराबी नवं लुगडं नेसून, ट्रंक घेऊन उभी. शेजारी सासूबाई खातूनबी. मी मोठ्या प्रेमानं भोंगा वाजवला आणि सुसाट पुढं निघून गेलो!

आरशात पाहिलं तर नुसती धूळ. त्या धुळीत ट्रंकेचा एक कोपरा तेवढा चमकत होता. ट्रकला मागं टाकलं होतं आणि बायकोलाही.

दुसऱ्या दिवशी आमचा कंडक्टर सिदू निरोप घेऊन आला. ‘‘भाबी म्हनल्या, दारात मोटार थांबवा, मंग येते. न्हायतर त्या मोटारीशीच निका लावा म्हनल्या.’’

थांबवणार होतोच हो! पण रोज कुणी ना कुणी माझ्यापुढं असायचं. आज ट्रक, उद्या जीप. एकदा तर दुधाच्या घागरी बांधलेला सायकलवाला होता. पण पुढं होता म्हणजे होता!

अशात एका सकाळी पाहतो तो नळदुर्गच्या दोन्ही टोकांना पांढऱ्या पाट्या. वर काळी अक्षरं: ‘गावात वाहने ताशी पाच मैल’. पाच! मला वाटलं, पन्नासातलं शून्य रंगाऱ्यानं खाल्लं. पण पाटीखाली हवालदार उभे होते.

‘‘हवालदारसाहेब, माझ्या मोटारीचा काटा चालत नाही. पाच मैल कळणार कसे?’’

‘‘सोपंय,’’ हवालदार पोटावरचा पट्टा सावरत म्हणाले, ‘‘मी चालतो. माझ्या पुढं गेलास की पाच मैलांच्या पुढं गेलास!’’

आणि ते चालू लागले. हवालदारांची चाल म्हणजे जेवणानंतरची. वाटेत ते तंबाखू मळायचे, ओळखीच्याला ‘काय पाव्हणं’ करायचे. मागून पहिल्या गिअरात माझी मोटार कण्हत चाललेली. जास्त रेस द्यावी तर दंड, कमी द्यावी तर इंजिन गचकतंय! माझा उजवा पाय शिवशिवायला लागला. मिशीचं टोक चावून चावून आखूड झालं.

गावात तर जत्राच! भज्यांच्या हॉटेलवाल्यानं पाटीला हार घातला. कारण ट्रकवाल्यांना आता भज्यांचा वास पुरता यायचा आणि ते उतरायचे. गाडीवान खूष, कारण त्यांचे बैल आता मोटारीच्या बरोबरीनं चालायचे. एक जण तर बैलाच्या पाठीवर थाप मारून मला म्हणाला, ‘‘चाँदपाशा, बाजू द्या की! आमाला घाई हाय!’’

मोटारीतल्या उतारूंचा मात्र जीव वरखाली. धुरपताबाई रोज मेथीच्या पेंढ्या घेऊन सोलापूरच्या बाजाराला जायच्या. त्या ओरडायच्या, ‘‘आरं बाबा, भाजीला फुलं यायची आता! हाक की!’’

बिराप्पा धनगर मांडीवर कोकरू घेऊन बसलेला असायचा. तो म्हणायचा, ‘‘ह्याच्यापरीस माझी मेंढरं बरी. निदान चरत तरी जात्यात.’’

पहिल्याच दिवशी मी असा सरपटत सासुरवाडीच्या दारापाशी आलो आणि माझ्या खिडकीजवळ आवाज आला, ‘‘सलाम, जमाईबापू!’’

बघतो तर सासूबाई! पदर खोचून मोटारीबरोबर चालतायत.

‘‘सलाम, अम्मा. तब्येत कशी आहे?’’

‘‘तब्येतीचं ऱ्हाऊ द्या. मोटार थांबवा.’’

‘‘थांबवली की बंद पडते, अम्मा!’’

‘‘पडू द्या. माझ्या लेकीच्या तोंडात धूळ घालताना बरी बंद पडली न्हाय!’’

मोटारीतल्या साऱ्या माना खिडकीकडं वळल्या. मग मागून धुरपताबाई, ‘‘कुनाच्या तोंडात धूळ घातली?’’ झालं! सिदूनं पहिल्यापासून सगळी हकिगत सांगितली. मी भोंगा किती प्रेमानं वाजवला, हे तेवढं गाळलं.

त्या दिवसापासून आमच्या घरचा तंटा हप्त्याहप्त्यानं चालू झाला. सकाळी जाताना सासूबाईंचा सवाल, संध्याकाळी येताना माझा जबाब. आळीतली माणसं दोन्ही वेळेला ओट्यांवर येऊन बसायची. ताशी पाच मैलांच्या विरुद्ध गळा काढणारे आता त्याच वेगानं मोटारीबरोबर चालायचे, पुढचं ऐकायला. मोटारीत दोन तट पडले. धुरपताबाई माझ्या बायकोच्या बाजूच्या.

‘‘थांबीव की रं! आमी ढकलू!’’

‘‘म्या न्हाय ढकलनार,’’ बिराप्पा म्हणायचा. ‘‘माझ्या हातात कोकरू हाय.’’

‘‘कोकरू खाली ठिवा!’’

‘‘अन् हरवलं तर? नवरा-बायकोचं भांडान हाय, त्यात माझ्या कोकराचा काय गुन्हा?’’

एका सकाळी वैतागून मी खिडकीतून म्हणालो, ‘‘अम्मा, ही पाटी कोणत्या शहाण्यानं लावली? आम्ही सगळे ड्रायव्हर सरपंचांकडं जाणार आहोत. काढायलाच लावतो!’’

‘‘जावा की,’’ सासूबाई चालता चालता म्हणाल्या. ‘‘म्याच लावून घेतली. आळीतल्या सगळ्या बाया घेऊन गेलते. म्हनलं, लेकरंबाळं, कोंबड्या, सगळं चिरडायला बसलेत हे. आन् मनात म्हनलं, ह्या गड्याची चाकं बांधल्याबिगर हा माझ्या लेकीकडं बघायचा न्हाय!’’

उतारूंनी टाळ्या वाजवल्या! बिराप्पानंसुद्धा! त्यासाठी त्यानं कोकरू खाली ठेवलं, हे मी पाहून ठेवलं.

मी त्यादिवशी संध्याकाळी परतलो तेव्हा सासूबाई नव्हत्या. सायराबी स्वतः दाराबाहेर आली होती. माझ्या खिडकीजवळून चालायला लागली. इतक्या दिवसांनी तिला जवळून पाहत होतो. थोडी वाळली होती. म्हणायचं होतं, ‘सायरा, घर खायला उठतं. भाकरी मी थापतो ती भिंतीला चिकटते.’ पण मागं अख्खी मोटार कान टवकारून बसलेली. मी म्हणालो, ‘‘काय, बरी आहेस का?’’

‘‘बरी हाय.’’

‘‘बघ, रोज तुझ्या दारातनं किती हळू जातो मी.’’

ती थबकलीच. म्हणाली, ‘‘तुमी पाटीसाठी हळू जाता. माझ्यासाठी न्हाय.’’

आणि घरात निघून गेली. मोटारीतले सगळे आपापल्या पायांकडं बघायला लागले. हवालदारसुद्धा खाली मान घालून चालत होते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. या कुशीवरून त्या कुशीवर. बाई खोटं काय बोलली होती? मी ठरवून टाकलं: उद्या थांबवायची. बंद पडली तर पडली! दंड झाला, मालकानं काढून टाकलं, तरी थांबवायची!

आणि बघा नशीब. दुसऱ्या दिवशी नळदुर्गात शिरतो, तर पाटी आडवी! कुणाच्या तरी म्हशीनं पाठ खाजवून खाजवून खांबच उपटला होता. दुसऱ्या टोकाची पाटी दिसत होती, पण ती उलट्या बाजूनं येणाऱ्यांसाठी. हवालदार हॉटेलात भजी खात होते. त्यांनी हात हलवला, ‘‘जा बेलाशक! पाटी न्हाय तर पाच मैल न्हायत!’’

मागून ट्रकांचे भोंगे. सिदू नाचायला लागला, ‘‘दाबा मामू, दाबा!’’ दोन ट्रक धूळ उडवत मला ओलांडून गेले. पाय असा शिवशिवला, असा शिवशिवला! पण मी दात आवळले. सासुरवाडीचं दार आलं. सायराबी ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिनं मान वर करून पाहिलं, आणि मी खाडकन ब्रेक दाबला!

मोटार थांबली. अगदी दारात. दोन उचक्या दिल्या आणि गप्प झाली.

‘‘बंद पडली!’’ अख्खी मोटार एका सुरात ओरडली.

‘‘बंद नाही पडली! मी थांबवली!’’ मी ओरडलो.

‘‘कोन म्हनतंय?’’ बिराप्पा म्हणाला. ‘‘उचक्या म्या ऐकल्या की!’’

मी उडी टाकून सायराबीपुढं गेलो. ‘‘सायरा, पाटी पडली, बघ! तरी थांबवली. तुझ्यासाठी!’’

ती बॉनेटकडं बघत म्हणाली, ‘‘बंद पडली म्हनून थांबली जनू.’’

‘‘आधी थांबवली, मग बंद पडली! सिदू, सांग!’’

सिदू डोकं खाजवत म्हणाला, ‘‘माझं ध्यान ट्रकाकडं हुतं, मामू.’’

आयुष्यात एकदाच मी मोटार मनापासून थांबवली, आणि त्याला एक साक्षीदार नाही! तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. त्यांनी एकवार मोटारीकडं पाहिलं, एकवार माझ्याकडं, आणि पदर खोचला. ‘‘भांडान मागून. धुरपताबाईची मेथी सुकायली. सायरा, चल, हात लाव! ढकला समदे!’’

मी स्टिअरिंगवर बसलो. मागं सगळ्यांनी जोर लावला. मोटार हलली, पळायला लागली, खोकली आणि एकदम धडाडून चालू झाली! आता थांबवायची सोय नाही. ‘‘चढा! चढा!’’ सिदू ओरडला. ढकलणारे पळत पळत मागल्या दारातून एकेक आत उड्या मारायला लागले. धुरपताबाई चढल्या, कोकरू चढलं, बिराप्पा चढला. आणि आरशात बघतो तर काय! घाईघाईत सायराबीही चढलेली, हातात तांदळाचं सूप तसंच!

गाव मागं पडलं. ती हळूच पुढं येऊन माझ्या शेजारच्या बाकड्यावर बसली. सुपातले तांदूळ सारखे करत राहिली. मग म्हणाली, ‘‘खरंच थांबवली?’’

‘‘तुझी शपथ, खरंच.’’

‘‘मग तसं हळूच कानात म्हनायचं. एवढं ओरडायला कशाला पायजे?’’ आणि सुपातले दोन दाणे माझ्या अंगावर फेकून हसली. मी इतका हरखलो की मागून आलेला ट्रक पुढं गेला, तरी मी पाय दाबला नाही!

‘‘अस्संच चालवा, जमाईबापू!’’ मागून आवाज आला.

आरसा वळवून पाहिला. मागल्या बाकावर, धुरपताबाईंच्या मेथीला टेकून, सासूबाई! ढकलता ढकलता त्याही चढल्या होत्या.

पाटी परत उभी राहिली. हवालदार परत चालायला लागले. पण त्या संध्याकाळी सोलापूरहून आमच्याबरोबर आलेल्या सासूबाई अजून उमरग्याला आमच्या घरीच आहेत. नळदुर्गच्या स्टँडावर उतरून आपल्या घरापर्यंत चालायला त्यांचे गुडघे दुखतात म्हणे. तेच गुडघे, जे रोज मोटारीबरोबर चालत होते! त्या म्हणतात, ‘‘दारात थांबवा, उतरते.’’ आणि उतारू म्हणतात, ‘‘परत ढकलायचं? नाव काढू नका!’’

शेवटी मी हात जोडून मालकाकडं गेलो. सगळी हकिगत सांगितली. ‘‘मालक, आता तरी नवी बॅटरी घ्या!’’

मालकांनी शांतपणे पान लावलं, तोंडात घातलं आणि म्हणाले, ‘‘आता कशाला? ढकलायला सासूबाई आहेत की घरात!’’