फॉरमॅट ठरेपर्यंत नारळ हाताने

चौलला आमच्या शेजारी करीमचाचांच्या घरी एक रोबो आहे आणि तो नारळ खवत नाही. लोखंडी हात आहे, मोटर आहे, पुढे खवणीचं पातं आहे. अडलं होतं ते एका फाइलवर. वेग किती, दाब किती, हे जिच्यात लिहून ठेवायचं, ती फाइल कुठल्या फॉरमॅटमध्ये असावी, याचा निर्णय चाचांकडे पडून होता.

चाचांनी अख्खी उमर आखातात मशीनं सांभाळली. येताना एकच वाक्य आणलं, "तिकडं असं चालत न्हाय." पाव घेतानाही ते बेकरीवाल्याला हेच ऐकवतात.

मी हायस्कूलला कॉम्प्युटर शिकवतो, म्हणून रोज संध्याकाळी मला बोलावणं. मी जेसन नावाचा फॉरमॅट सुचवला. चाचांनी मुद्दाम एक स्वल्पविराम खोडला. प्रोग्राम बंद.

"एवढ्याशा शेपटीवरनं रुसतो? हा रोबो हाय की व्याही?"

मग यॅमल. त्यात ओळीआधीची मोकळी जागा चुकली की अर्थ बदलतो, हे कळल्यावर चाचा उठूनच उभे राहिले. "न दिसणाऱ्या गोष्टीवरनं भांडण! तिकडं असं चालत न्हाय, मास्तर."

तोवर जैनबचाची मागच्या पडवीत विळीवर नारळ खवत असायच्या. मी एकदा म्हटलंही, "फॉरमॅट ठरेपर्यंत चाचींचे हात जातील." टोमणा पोचला नाही. त्यालाही बहुतेक योग्य फॉरमॅट लागत असावा.

शेवटी वैतागून मी साधी आयएनआय फाइल केली. डावीकडे नाव, मधे बरोबरचं चिन्ह, उजवीकडे आकडा. बस.

चाचांनी बोट ठेवून एकेक ओळ वाचली. "मराठीत लिवता येल?"

"येईल."

"जागा कमीजास्त सुटली तर?"

"चालेल."

"मग हेच."

मी लगेच लिहायला घेतलं. "खोबरं किती बारीक हवं, चाचा?"

चाचांची नजर पडवीकडे गेली.

"करवंटीजवळचं काळं लागेपर्यंत खवायचं, की आधीच थांबायचं?"

मग माझ्या हातातला लॅपटॉप घेऊन ते पडवीत गेले आणि चाचींपुढे पाटावर ठेवला. "जैनब, तूच लिव. मला ठाव न्हाय." मी मागोमाग गेलो होतो. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "सुट्टीवर यायचो, मास्तर, ते पाव्हण्यासारका जेवून जायचो. इचारायचं राहूनच गेलं."

चाचींनी ओले हात ओढणीला पुसले, एक अक्षर शोधून दाबलं आणि मान वर केली. "अजून काय काय जाणून घ्यायचंय याला?"

"याला न्हाय. मला," चाचा म्हणाले आणि विळीसमोर मांडी घालून बसले.