साहेबांचा स्कोप आणि संकष्टीचा चंद्र

"दत्ता, बंदूक के लिए एक स्कोप चाहिए," याकूबसाहेब म्हणाले. "शिकार का भी चले, क्लब में टार्गेट का भी चले. तुम पसंद करो. शिकार तो तुम्हारे ब्लड में है."

दत्तप्रसाद सामंतांच्या ब्लडमध्ये काय आहे हे दुबईतल्या कंपनीच्या मेडिकलमध्ये नुकतंच कळलं होतं. साखर आणि कोलेस्टेरॉल, बाकी काही नाही. पण महिन्यापूर्वी साहेबांच्या वाळवंटातल्या मेजवानीत मटण पोटात गेल्यावर ते बोलून बसले होते की कुडाळचे सामंत म्हणजे पिढीजात नेमबाज. आजोबांकडे माकडं हाकलायला ठासणीची बंदूक होती हे खरं, पण ती उडालेली कुणी पाहिली नव्हती. खुद्द दत्तप्रसादांनी जत्रेत फुगे फोडले होते, तेही फुगेवाल्याने जवळ बोलावल्यावर.

आता कबूल करावं तर पंचाईत होती. रास अल खैमाच्या शाखेचा चार्ज कुणाला द्यायचा हे साहेब त्याच आठवड्यात ठरवणार होते, आणि साहेबांना थापाड्यांची भयंकर चीड. उंटावर बसता येतं असं सांगून पहिल्याच वळणावर पडलेल्या मॅनेजरला त्यांनी उचलून जबल अलीच्या गोडाउनात बसवलं होतं. तो अजून तिथेच खोकी मोजत होता.

दत्तप्रसाद पर्चेस खात्यातले. काही कळत नसलं की तीन कोटेशनं मागवायची, ही त्यांची जुनी रीत. तिन्ही दुकानदारांनी त्यांना असं काही ऐकवलं की ते आणखीच गोंधळले. मग त्यांनी कुकर घेताना लावतात तोच हिशोब लावला. मोठा घेतला की त्यात थोडंही शिजतं आणि जास्तही शिजतं. म्हणून चोवीसपट मोठं दाखवणारा, हातभर लांबीचा स्कोप त्यांनी पसंत केला. साहेबांच्या लायसन्सवर दुकानदाराने तो दोन दिवस ट्रायलला दिला, आणि सोबत एक लहानसा, दोनपटीपासून दहापटीपर्यंतचा. तो दत्तप्रसादांनी केवळ नको म्हणायचा संकोच वाटला म्हणून घेतला.

दोन्ही पेट्या घेऊन ते इंटरनॅशनल सिटीतल्या घरी आले, तर दारातच अनुराधा उभी. संकष्टी होती. मोदक तयार होते, आरतीचं तबक तयार होतं, नव्हता तो फक्त चंद्र. सगळीकडे धूळ भरून राहिली होती.

"कॅलेंडरात वेळ दिलीय ना?" दत्तप्रसाद म्हणाले.

"ती मुंबईची आहे. मुंबईचा चंद्र बघून मी दुबईत जेवू का?" भुकेल्या माणसाशी वाद घालू नये, हे त्यांना लग्नानंतर लवकरच कळलं होतं. तेवढ्यात तिची नजर पेट्यांवर गेली. "अहो, ह्यातून दिसेल की."

मोठा स्कोप तिने आधी घेतला. त्यातून काहीतरी पिवळं सर्रकन डावीकडे गेलं, मग उजवीकडे, मग समोरच्या इमारतीतली कुणाची तरी बनियन दिसली. हात जरा हलला की आख्खं आकाश हलत होतं. चिडून तिने लहान स्कोप उचलला, आकडा दोनवर ठेवला आणि पहिल्याच झटक्यात धुळीमागचा तांबूस चंद्र पकडला. मग सावकाश मोठा करून पाहिला, हात जोडले आणि अर्घ्य दिलं.

इथे गोष्ट संपली असती. पण शेजारच्या कुमुदकाकूही उपाशी होत्या. त्यांनी चंद्र पाहिला आणि खालच्या मजल्यावर फोन केला. बघता बघता इमारतीतल्या साऱ्या उपाशी बायका सामंतांच्या गॅलरीत आल्या. दत्तप्रसाद प्रत्येकीला डोळा काचेपासून जरा लांब ठेवायला सांगत मोदक वाटत राहिले. कुमुदकाकूंनी फोटो काढून मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला: 'दत्तप्रसादांच्या बंदुकीच्या दुर्बिणीतून चंद्रदर्शन. शिकारीपेक्षा पुण्याचं काम.' त्या ग्रुपवर ऑफिसातला सिद्धांत होता, आणि रास अल खैमावर त्याचाही डोळा होता. फोटो साहेबांकडे पोचायला वेळ लागला नाही.

"बाबा, जस्ट टेल हिम द ट्रुथ," वैभवी मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दत्तप्रसाद केबिनमध्ये शिरले ते मनाने गोडाउनात पोचूनच. त्यांनी सगळं सांगून टाकलं. आजोबा, माकडं, फुगे, कुकर. मोठा स्कोप चुकीचा आहे, हेही सांगितलं. लहान आकड्यावर सावज पटकन सापडतं आणि मोठा करून क्लबात टार्गेट मारता येतं, म्हणून दोन्हीला लहानच बरा. आणि हेही त्यांना नव्हे, त्यांच्या उपाशी बायकोला कळलं होतं.

याकूबसाहेबांनी बाहेर कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं. मग म्हणाले, "दत्ता, दरवाजा बंद करो."

दार बंद झाल्यावर साहेबांनीही सगळं सांगून टाकलं. साहेब दर हिवाळ्यात मित्रांबरोबर परदेशी शिकारीला जायचे, पण आजवर त्यांनी एक ससाही मारला नव्हता. चाप ओढताना ते डोळे मिटायचे. दोष दरवर्षी स्कोपला द्यायचे. शेवटी मित्रांनीच बजावलं होतं की या वेळी एखाद्या जाणकाराकडून निवडून घे.

"अब ये स्कोप अच्छा निकला, तो मैं क्या बोलूँगा?" साहेबांचा चेहरा अगदी रडवेला झाला होता.

दत्तप्रसादांना त्यांची मनापासून दया आली. ज्याला त्याला आपापली कुडाळची बंदूक असतेच. ते म्हणाले, "सर, लहान स्कोप घेऊ. पण तो राहील आमच्या घरी. तुम्ही मित्रांना सांगा, दत्ताच्या मॅडमना पूजेला लागतो. धार्मिक काम आहे, कोण काय बोलणार?"

"खलास, बात पक्की," साहेब म्हणाले आणि त्यांनी दत्तप्रसादांना मिठी मारली. रास अल खैमाचं पत्र दुपारीच टेबलावर आलं. सिद्धांतने पेढे मागितले.

स्कोप आता अनुराधाच्या देव्हाऱ्याशेजारी असतो. बंदुकीवर तो अजून चढलेला नाही. परवा, शिकारीचा मोसम तोंडावर आला असताना, साहेबांचा रास अल खैमाला फोन आला. आवाज काळजीत होता.

"दत्ता, मेरे दोस्त पूछते हैं. ये संकष्टी महीने में एक ही बार आता है क्या?"

"नाही सर, विनायकी पण असते," दत्तप्रसाद म्हणाले. तिला चंद्र लागत नाही, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.