इब्राहिम मिस्त्रींची घरगुती पाणबुडी

चिंचवड स्टेशनाबाहेर टांग्यात बसायचं तर आधी इब्राहिम मिस्त्रींची परवानगी लागे. टांगा बबनचा, भाडं आपलं, पण कोण कुठं बसणार ते मिस्त्री ठरवत. ते माणसाला टोपीपासून चपलांपर्यंत न्याहाळत आणि मनातल्या मनात तोलत.

"मास्तर, तुम्ही मागं. अंगानं हलके आहात, पण पिशवीत पुस्तकं आहेत. काकू, तुम्ही पुढं. आता कुणी हलू नका."

बबन वैतागे. "मिस्त्री, टांगा मागं उलाळ झाला का पुढं धुरजड, त्ये माज्या घोड्याला बी कळतंय!"

"तुझ्या गाडीला खाली जमीन आहे, बाबा. आमच्या होडीला वर पाणी, खाली पाणी. तिथं कुठल्या घोड्याला विचारणार?"

मिस्त्रींना जाऊन आता वर्ष होईल. बबनच्या टांग्यात लोक हवे तिथं बसतात.

'आमची होडी' म्हणजे पाणबुडी. मिस्त्री मूळचे रत्नागिरीकडचे. लढाईच्या दिवसांत ते मुंबईच्या गोदीत फिटर होते. एका पाणबुडीच्या टाक्या त्यांनी दुरुस्त केल्या, आणि दुरुस्ती करणाऱ्यानं चाचणीला सोबत पाण्याखाली यावं, असा साहेबाचा हुकूम सुटला. मिस्त्री चाळीस मिनिटं पाण्याखाली होते. पुढं ते पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात लागले, माझ्या शेजारची खोली घेतली, पण त्या चाळीस मिनिटांतून पुरते वर काही आले नाहीत.

माझ्या घरी आले की बादली मागत आणि तिच्यात माझा तांब्या पालथा घालत. "आत हवा आहे म्हणून पाणी शिरत नाही. कलता केला, हवा बुडबुडत गेली, पाणी आत आलं, तांब्या बुडाला. होडीच्या अंगाला अशाच मोठ्या टाक्या. वरची झडप उघडली की हवा बाहेर, पाणी आत, होडी खाली. वर यायचं असलं की झडप बंद करायची आणि कोंडलेली हवा टाक्यांत सोडायची. ती पाण्याला खालच्या भोकांतून हाकलते." इथं ते गाल फुगवत. "पण खरी गंमत लहान टाक्यांची. एक नाकाशी, एक शेपटाशी, मधे नळी. चार खलाशी जेवायला पुढं गेले की नाक खाली जातं. मग पुढचं थोडं पाणी मागं धाडायचं. होडी सरळ! पाण्याशी जबरदस्ती नाही, मास्तर."

तांब्याला पोचे पडले. ते अजून आहेत.

मग त्यांच्या बायकोला, खातूनभाभींना, अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. डॉक्टरांनी बजावलं, दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतील. पण उचलायला गेलं की भाभी कळवळत. नेमके याच दिवसांत मिस्त्री ट्रकच्या जुन्या ट्यूबा मागत गावभर फिरू लागले. खोलीतून पंपाची फुसफूस ऐकू येई आणि दाराखालून पाणी वाहत येई.

घरमालक सखारामशेट माझ्या ओट्यावर येऊन बसले. "मास्तर, बायकू हातरुणाला खिळलीया आन् ह्यो बाबा घरात पाणबुडी बांधतुया! माजी भित्ताडं भिजली. तुमी शिकल्यालं. सांगा त्याला, उद्याच्याला बंद कर, न्हाई तर खोली सोड."

मी गेलो. गळती काढण्यासाठी खाट रिकामी केली होती. भाभी पडद्याआड चटईवर होत्या. खाटेवर गोधडी, गोधडीखाली पाणी भरलेल्या दोन ट्यूबा, एक डावीकडं, एक उजवीकडं. मधे रबरी नळी आणि हातपंप. इकडचं पाणी तिकडं सारलं की अंथरूण आपसूक कलणार, माणसाला हातही लावायला नको. मी पाहत राहिलो.

"बरे आलात," मिस्त्री म्हणाले. "झोपा."

"मी?"

"दोन दिवस तिला विचारतोय, कसं वाटतं. म्हणते, बरं वाटतं. कापून टाकली तरी हेच म्हणेल. तुम्ही खरं सांगा."

मी टोपी काढून आडवा झालो. पंप फुसफुसला. पाठीखालून पाणी सावकाश सरकलं आणि मी कुणी न ढकलता भिंतीकडं वळलो. फार सुख वाटलं. पण उजव्या खांद्याला काहीतरी बोचलं.

"इथं टोचतंय, मिस्त्री."

त्यांनी गोधडीवरून बोट फिरवलं. नळी आवळलेल्या तारेचं टोक कापडातून वर आलं होतं. भाभींची उजवी बाजू शाबूत होती. तिथलं सगळं त्यांना कळत होतं.

"खातून," मिस्त्री पडद्याकडं बघत म्हणाले, "दोन दिवस?"

आतून अडखळत उत्तर आलं, "सांगितलं असतं तर तुम्ही सगळं मोडून पुन्हा बांधत बसला असता. जेवला नसता."

सखारामशेटचा निरोप मी दिलाच नाही. पुढं भिंत मीच लिंपून दिली, आणि शेटनी विषय सोडला.

मिस्त्रींनी पक्कड घेऊन तारेचं टोक आत वळवलं, वरून फडकं गुंडाळलं, गोधडी सारखी केली. मग गुडघे टेकून त्या जागेवर गाल घासून पाहिला. काही टोचत नव्हतं, तरी बराच वेळ त्यांनी तो उचलला नाही.