राहीबाईंनी चहा कबूल केला त्याची हकीकत

॥ श्री प्रवरामाई प्रसन्न ॥

शके एकोणीसशे एकवीस, प्रमाथी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, इंदुवार, इंग्रजी साल १९९९ चा डिसेंबर, ते दिवशी मौजे बेलापूर येथे चहाचे कारणे जो घोर प्रसंग गुदरला, आणि त्यात कोणी शर्थ केली, कोण हरता हरता मोठे जाहले, आणि कोण मध्ये उभे राहून केवळ डोके खाजवीत होते, तो समस्त करीना, म्हणजे वृत्तांत, येथे लिहिला असे. लिहावयाची आज्ञा कोणी केली नाही. परंतु लढाई पाहणारे पुष्कळ आणि लिहिणारा एकही नाही, ऐसे जाहले म्हणजे पुढील पिढीस चहा आपोआप उकळत होता ऐसा भ्रम होतो, सबब आपण होऊन लेखणी उचलली.

बेलापुरी राहीबाई म्हणून एक करारी बाई होत्या. साठी ओलांडली, परंतु दरारा चाळिशीचाच. घरचे तख्त म्हणजे स्वयंपाकघराच्या दारापाशी टाकलेला पाट, आणि तेथे बैसून त्या अवघ्या मुलखाचा बंदोबस्त ठेवीत. चिरंजीव मच्छिंद्रराव साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून. सून विजयमालाबाई कर्जतेहून लग्न होऊन आल्या त्यास पंधरा वर्षे जाहली होती, आणि आल्या दिवसापासून आबदारखान्याची, म्हणजे चहाची, कुल सरदारी त्यांजकडेच होती. दिवसातून चार वेळां चहा होत असे आणि राहीबाई तो बशीत ओतून, फुंकून, तळ दिसेतो पीत, आणि मग बशी पालथी घालून "हं" म्हणत. पंधरा वर्षांत यापलीकडे अक्षर उमटले नाही. कारण सुनेस तोंडावर चांगले म्हणावे तो ती डोक्यावर बसते, हा राहीबाईंच्या राज्यकारभाराचा मूळ कायदा होता आणि तो त्यांस त्यांच्या सासूपासून वारशाने आला होता.

विजयमालाबाईंनी हे सर्व सोसले. परंतु दिवाळीनंतर राहीबाई लेकीकडे श्रीगोंद्यास मुक्कामास गेल्या आणि परत येऊन लेकीच्या चहाची कीर्ती आठ दिवस अखंड गात राहिल्या. तो चहा विजयमालाबाईंनी पूर्वी प्याला होता. पाण्यास चहाची नुसती बातमी लागावी, इतपतच त्याचा रंग. मग मात्र त्यांच्या मनास फार लागले आणि त्यांनी मच्छिंद्ररावांस एकांती गाठून आपला ठराव कळविला.

"संक्रांतीपास्नं त्यांचा च्या त्यांनीच करून घ्यायचा. मी चुलीपुढं उभी ऱ्हानार न्हाई. एक शबूद मागितला हुता, दागिना न्हाई मागितला."

त्यावर मच्छिंद्ररावांनी "बघू" असे उत्तर दिले. हे त्यांचे जुने शस्त्र असून त्याने आजपावेतो एकही शत्रू मेला नव्हता. विजयमालाबाई मागे वळल्या आणि पदराने डोळे पुसले, आणि समोर कांदा नव्हता. संक्रांतीस महिना उरला होता, आणि पंधरा वर्षांची सरदारी सोडावयाची म्हटले तर हात कापले गेल्यासारखे वाटत होते, आणि न सोडावी तर जीव कुढत होता, ऐसा दुहेरी पेच पडला.

इतक्यांत निराळेच निमित्त घडले. पुण्याकडील कोणी एक चहावाला व्यापारी, त्याने रयतेच्या जिभेची चौकशी आरंभिली आणि सवालांची एक यादी इंटरनेट नामे अदृश्य मुलखात लावून दिली. जी बाई साठीच्या वर असेल आणि सर्व सवालांस अखेरपर्यंत जाब देईल, तीस स्टीलचे सहा कप आणि ट्रे बक्षीस. बेलापुरी बाजारपेठेत पिठाच्या गिरणीवर पंकजराव म्हणून एक गृहस्थ कॉम्प्युटरचा क्लास चालवीत, त्यांजपाशी हे यंत्र आणि टेलिफोनची तार दोन्ही होती, आणि त्यांनी ही बातमी मच्छिंद्ररावांचे कानी घातली. राहीबाईंनी फुकट मिळणारी टाचणीदेखील आजवर सोडली नव्हती, आणि हे तर सहा कप. त्यांनी तत्काळ कूच करण्याचा हुकूम फर्माविला. जिना अवघड, सबब हात धरावयास सून बरोबर असावी, ऐसे ठरले आणि येणेप्रमाणे मच्छिंद्ररावांसह तिघांची स्वारी दुपारी तीन वाजता गिरणीचा जिना चढून वर दाखल जाहली.

आतां यंत्राची चाल सांगतो, कारण पुढील सर्व अनर्थ तेथूनच उपजला. पूर्वीचे सरकारी मोजणीवाले येत, ते छापील सवाल करीत, उत्तर ऐको न ऐको पुढला सवाल करीत आणि चहा पिऊन जात. हे यंत्र तैसे नव्हते. दिलेले उत्तर ते गिळून पोटात ठेवी, आणि पुढल्या सवालात तेच उत्तर जसेच्या तसे घालून माणसापुढे मांडी. एकदा बोलल्यावर सुटका नाही. घरी शंभर गोष्टी बोलून विसरावयाची ज्यांस सवय, त्यांनी या गनिमापुढे काय करावे? पंकजराव खुर्चीवर बैसले, टेलिफोनातून कावळ्याचा गळा दाबल्यासारखे आवाज निघाले, आणि पडद्यावर इंग्रजी अक्षर उमटले. ते मराठीत उलथवून सांगावयाची कामगिरी पंकजरावांची.

पहिला सवाल आला की घरी चहा कोण करते. राहीबाई बेसावध होत्या. त्यांनी सून असे सांगितले आणि नाव विजयमाला असे लिहविले. दुसरा सवाल तत्काळ आला की 'विजयमाला यांनी केलेला चहा आपणांस किती आवडतो : फार, बरा, की मुळीच नाही'.

विजयमालाबाई भिंतीवरच्या कॅलेंडराकडे पाहू लागल्या. मच्छिंद्रराव खिडकीशी सरकले. राहीबाईंनी डाव ओळखला. फार म्हणावे तर पंधरा वर्षांचा कायदा मोडतो, बरा म्हणावे तर अर्धा मोडतो, सबब त्यांनी बेधडक "मुळीच न्हाई" असे फर्माविले. मग यंत्राने सहज विचारल्यासारखे विचारले की रोज किती वेळां पिता, आणि राहीबाई हिशेबाच्या चोख, त्यांनी चार असे खरे सांगितले. तो पुढील सवाल तोफेच्या गोळ्यासारखा आला. 'विजयमाला यांनी केलेला, आपणांस मुळीच न आवडणारा चहा आपण रोज चार वेळां का पिता?'

मच्छिंद्ररावांस हसू फुटले, ते त्यांनी खोकल्यात दडविले. राहीबाईंचा चेहरा उतरला. पंधरा वर्षांत त्यांस ऐसा सवाल कोणी केला नव्हता, कारण घरात आधीचे बोलणे लक्षात ठेवून पुढे बोलावयाची कोणाची छाती नव्हती. त्या काय जाब देत्या ते परमेश्वर जाणे. परंतु त्याच क्षणी बत्ती गुल जाहली, खाली गिरणी थांबली, पडदा काळा पडला आणि सर्व जाबसाल बुडाला. पंकजरावांनी कळविले की वीज आली म्हणजे आरंभापासून सुरू करावे लागेल. राहीबाईंनी विजेस मनोमन नमस्कार केला.

तहाच्या या अवकाशात पंकजरावांनी खालच्या हॉटेलातून चहा मागविला. राहीबाईंनी एक घोट घेतला आणि कप बाकाखाली सारला, तो पुनः उचलला नाही. हे विजयमालाबाईंनी पाहिले. परंतु टाकलेला कप म्हणजे काही शब्द नव्हे, सबब त्यांनी त्याचा हर्ष मानला नाही. राहीबाई मात्र ओठ हलवीत बैसल्या होत्या. पडती बाजू पाहून मसलत बदलावी हे थोर सेनापतीचे लक्षण, आणि त्यांची मसलत अर्ध्या घटकेत पक्की जाहली.

वीज आली, गिरणी घरघरली, कावळ्याचा गळा पुनः दाबला गेला आणि पहिला सवाल उभा राहिला की घरी चहा कोण करते.

"म्या सोता," राहीबाई म्हणाल्या.

विजयमालाबाईंनी मान वर केली. पंधरा वर्षे! आता शब्द तर राहोच, सरदारीचा सनदी कागददेखील फाडला! त्या क्षणी त्यांस वाटले की संक्रांत दूर आहे, आजच घरी जाऊन पातेले सासूच्या पाटापुढे आदळावे. पंकजराव चाचरत म्हणाले, "आजी, खरं सांगायचं असतंय यात," त्यावर राहीबाईंनी त्यांस ऐसे पाहिले की त्यांनी मुकाट्याने टाइप केले.

सेनापतीचा अंदाज ऐसा होता की सून या वाटेतून काढली म्हणजे वाट मोकळी. परंतु यंत्राने हेही उत्तर गिळले आणि विचारले की 'आपण स्वतः करता त्या चहाची रीत सांगा'. येथे राहीबाई अडकतील ऐसे सर्वांस वाटले, कारण त्यांनी सून आल्यापासून चुलीस काडी लाविली नव्हती. परंतु त्या डोळे मिटून बोलू लागल्या.

"आदी पानी. त्यात आलं, पर किसायचं न्हाई, ठेचायचं. उकळी फुटली की पत्ती, चमच्यानं न्हाई, चिमटीनं, तीन चिमट्या. मग गॅस बारीक. साखर समद्यात शेवटी, दूध आटल्यावर. सकाळच्याला जरा कडक, दुपारच्याला दूध वाईच जास्त. आन् काई दिशी आलं न्हाई, सुंठ."

विजयमालाबाई थक्क जाहल्या. साखर शेवटी घालावी ही युक्ती त्यांनी कोणास सांगितली नव्हती. पाटावरून पाठमोरी सून दिसते, हात दिसत नाही. म्हणजे आवाजावरून, वासावरून, पंधरा वर्षे कोणी कान देऊन बसल्याखेरीज हे कळणे नाही!

यंत्राने विचारले की सुंठ कोणत्या दिवशी. राहीबाईंनी गुडघे दुखायच्या दिवशी असे सांगितले. यंत्राने तेही उचलले आणि विचारले की 'गुडघे दुखायच्या दिवशी' हे आपण कसे ओळखता.

"सांगावं लागतंय व्हय? पाटावरनं उठताना हात भुईला टेकला की वळखती ती," राहीबाई म्हणून गेल्या, आणि मग "म्या वळखती" अशी दुरुस्ती लिहविली. पंकजरावांनी दुरुस्ती लिहिली. मच्छिंद्ररावांस आईचे गुडघे दुखतात हीच बातमी नवी होती, आणि ते खिडकीबाहेर पाहत उभे राहिले.

मग यंत्राने विचारले की 'आपण स्वतः करता तो, आले ठेचून घातलेला, गुडघे दुखायच्या दिवशी सुंठीचा चहा आपणांस किती आवडतो'. आतां तो राहीबाईंचा स्वतःचा चहा होता, आणि स्वतःस चांगले म्हणावयास कोणताही कायदा आड येत नव्हता. त्यांनी फार असे सांगितले. इतरांच्या चहाशी तुलना करा म्हटल्यावर आख्ख्या बेलापुरात ऐसा चहा नाही असे सांगितले. आणि लेकीकडील चहाविषयी नाव न घेता एवढेच सांगितले की काही ठिकाणी माया असती, पर पत्ती नसती. पंधरा वर्षे धरण भरले होते आणि दुसऱ्याच पाटाने का होईना, पाणी सुटले. विजयमालाबाई पदर तोंडास लावून उभ्या होत्या, आणि त्यांस हसू येत होते की रडू हे त्यांचे त्यांसही उमगत नव्हते.

शेवटी यंत्राने सगळी उत्तरे ओळीने मांडली. आपण सांगितले की घरी चहा आपण स्वतः करता. आपण सांगितले की साखर शेवटी घालता. आपण सांगितले की ऐसा चहा बेलापुरात नाही. सर्व उत्तरे खरी आहेत काय? होय किंवा नाही म्हणावे.

पंकजरावांनी वाचून संपविले आणि बोट कळीवर ठेवून थांबले. सहा कप एका शब्दावर आले होते. मग राहीबाईंनी सुनेकडे न पाहता, पाहिले असते तर कदाचित निघाले नसते, खालच्या गिरणीच्या घरघरीत जेमतेम ऐकू येईल ऐसे उत्तर दिले.

"पयलं सोडून बाकी समदी खरी."

पंकजराव पेचात पडले. होय आणि नाही यांमध्ये यंत्रास जागा नव्हती. त्यांनी काकुळतीने कळविले की आजी, एकच काही सांगा, नाही म्हटले तर कप गेले. राहीबाईंनी दुसरे काही सांगावयाचे नाकारले. तेव्हां विजयमालाबाई पुढे झाल्या, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "व्हय दाबा, पंकजभाऊ. त्यांना जे सांगायचं हुतं ते सांगून झालं."

कळ दाबली गेली. मग स्वारी जिना उतरू लागली, आणि पहिल्या पायरीवर राहीबाईंनी हात पुढे केला, आणि विजयमालाबाईंनी तो नेहमीपेक्षा घट्ट धरला, आणि मच्छिंद्रराव मागून चपला घेऊन आले. सायंकाळी घरी चहा जाहला. राहीबाईंनी बशी पालथी घालून "हं" म्हटले. विजयमालाबाईंनी त्यात जे ऐकायचे ते ऐकले.

येणेप्रमाणे बेलापूरची मोहीम फत्ते जाहली. संक्रांतीचा ठराव रद्द, आबदारखाना पूर्ववत विजयमालाबाईंकडे कायम. पुण्याच्या दफ्तरी राहीबाई बेलापूरकर या उत्तम चहा करणाऱ्या म्हणून दाखल आहेत, ती नोंद चूक असून ती कोणी दुरुस्त करू नये. कप महिन्याने आले, पाच निघाले. हे लिहिले ते डोळ्यांनी पाहिल्याप्रमाणे, कमी नाही जास्ती नाही, आणि लिहिणारास दुपारचा चहा अद्याप मिळाला नाही, हेही येथे नमूद असे.